जन्मोत्तर फुप्फुस आणि पेशींची पकड : प्रस्तावना

मूल जन्मले, त्याने पहिला टाहो फोडला, नाळ बांधली गेली आणि घरी साखर वाटली गेली, म्हणजे निसर्गाने आपल्याकडील काम पुरे करून ते मूल आपल्या हवाली केले, आता त्याला दूध, ऊब आणि वेळच्या वेळी लसी मिळाल्या की जे अवयव ते घेऊन आले तेच आकाराने मोठे होत जातील, असा जो समज आपल्या समाजात रूढ आहे, तो हृदयाविषयी बव्हंशी खरा आहे, मूत्रपिंडाविषयी पुष्कळसा खरा आहे, आणि फुप्फुसाविषयी मात्र मुळीच खरा नाही. हृदयाचे चार कप्पे गर्भधारणेनंतर दोनएक महिन्यांतच आखले जातात. मूत्रपिंडातील रक्त गाळणारी एकके गर्भाच्या सुमारे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत पुरी होतात आणि त्यानंतर त्यांत एकाचीही भर पडत नाही. परंतु पूर्ण दिवसांच्या निरोगी अर्भकाच्या छातीत जे फुप्फुस असते, त्यातील बहुतेक वायुकोश अद्याप अस्तित्वातच यावयाचे असतात. ते जन्मानंतर घडतात, श्वासोच्छ्वास अखंड चालू असताना घडतात, आणि ज्या पेशींनी ते घडवावयाचे त्यांना एकमेकींना आणि आपल्याखालच्या आधाराला धरता येते म्हणूनच घडतात. ही धरण्याची शक्ती ज्या रेणूंत वसते, त्या आसंजन-ग्राहींचा परिचय मराठी वाचकाला करून द्यावा, एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे.

प्रथम हिशेब पाहू. श्वासनलिकेपासून फुटत जाणाऱ्या फांद्यांची मुख्य आखणी गर्भाच्या सोळाव्या-सतराव्या आठवड्यापर्यंत संपते. पुढे त्या फांद्यांच्या टोकांशी रुंद, ओबडधोबड पिशव्या तयार होतात, त्यांच्या भिंतींत केशवाहिन्या शिरतात, आणि सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास त्या पिशव्यांना हवा व रक्त यांची देवघेव कशीबशी करता येण्याजोगी योग्यता प्राप्त होते. जन्मसमयी खरे वायुकोश किती असतात याचे अंदाज मोजणाऱ्याच्या पद्धतीनुसार दोन कोटींपासून पंधरा कोटींपर्यंत गेलेले आहेत. प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून मात्र, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर गणनेप्रमाणे, सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात, आणि व्यक्तिपरत्वे ही संख्या २७ कोटींपासून ७९ कोटींपर्यंत बदलते. प्रत्येक वायुकोशाचा व्यास सुमारे एकपंचमांश मिलिमीटर. सर्वांचे पृष्ठफळ मिळून सत्तर ते एकशे चाळीस चौरस मीटर. आणि हवा व रक्त यांच्यामधील पडदा अनेक ठिकाणी मिलिमीटरच्या सहस्रांशाहूनही पातळ. १९६२ साली डनिल या इंग्रज विकृतिशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले होते, की हे काम आठव्या वर्षापर्यंत आटोपते. नंतरच्या काहींनी ती मुदत दोन वर्षांपर्यंत खाली आणली. परंतु अलीकडे जिवंत मुलांच्या फुप्फुसांची मोजणी हीलियम वायूच्या साह्याने करता येऊ लागल्यावर असे दिसून आले, की पहिल्या दोन-तीन वर्षांत कामाचा वेग सर्वाधिक असला, तरी नव्या वायुकोशांची भर कुमारवयापर्यंत पडत राहते. म्हणजे आपल्या अंगणात खेळणारे पाच वर्षांचे मूल, त्याच्या आईबापांच्या कल्पनेत नसतानाही, रोज नवे वायुकोश निर्माण करीत असते.

हे काम करणाऱ्या पेशी आपापली जागा कशा ओळखतात, हा प्रश्न फुप्फुसाच्या अभ्यासकांना पडण्यापूर्वी समुद्रातील स्पंजाने उपस्थित केला. १९०७ साली एच. व्ही. विल्सन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने जिवंत स्पंजाचा तुकडा तलम रेशमी कापडातून पिळून काढला, तेव्हा त्याच्या पेशी सुट्या होऊन समुद्रजलात विखुरल्या. पण थोड्याच वेळात त्या सरपटत एकमेकींजवळ आल्या, एकत्र झाल्या, आणि त्यांतून पुन्हा स्पंज घडला. १९५५ साली टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचर प्राण्यांच्या भ्रूणातील पेशी सुट्या करून एकत्र मिसळल्या, आणि त्या केवळ चिकटल्याच नाहीत, तर आपापल्या जातीनुसार निवडून निवडून आत व बाहेर अशा योग्य थरांत बसल्या, असे दाखवून दिले. चिकटणे हा आंधळा व्यवहार नाही, त्यात निवड आहे, ओळख आहे, हे यावरून सिद्ध झाले. परंतु ती ओळख कोणत्या द्रव्याच्या द्वारे पटते हे कळावयास आणखी पाव शतक लागले. जपानात क्योतो येथे मासातोशी ताकेइची यांनी कॅल्शियमच्या सान्निध्यातच पेशीला पेशीशी बांधणारी कॅडेरिन नावाची प्रथिने शोधली. आणि पेशीला तिच्याखालील आधारजालाशी बांधणाऱ्या प्रथिनांच्या घराण्याला रिचर्ड हाइन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली इंटेग्रिन हे नाव दिले. एर्की रुओस्लाती यांनी त्यापूर्वी, १९८४ साली, असे दाखविले होते, की आधारजालातील फायब्रोनेक्टिन या प्रचंड प्रथिनातील अवघी तीन अमिनो आम्ले ओळखून पेशी त्याला धरते; आणि रक्तातील श्वेतपेशींच्या बाजूने हाच शोध टिमथी स्प्रिंगर करीत होते. हाइन्स, रुओस्लाती व स्प्रिंगर या तिघांना २०२२ साली लास्कर पुरस्कार मिळाला, तेव्हा एका अर्थाने स्पंजाच्या त्या जुन्या प्रश्नाला अधिकृत उत्तर मिळाल्याची नोंद झाली.

इंटेग्रिनची रचना समजावून सांगताना हे पुस्तक जेथे लिहिले गेले त्या गावाचा दाखला देण्याचा मोह मला आवरत नाही. वेळापूर हे माळशिरस तालुक्यातील गाव पालखीच्या वाटेवरचे म्हणून वारकऱ्यांना आणि अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन देवालयासाठी मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. एक अंग पुरुषाचे, एक अंग स्त्रीचे, आणि दोहोंवाचून देवत्व पुरे नाही, ही जी अर्धनारीश्वराची कल्पना, तिच्याशी इंटेग्रिनच्या घडणीचे साम्य मोठे लक्षणीय आहे. कारण प्रत्येक इंटेग्रिन हा अल्फा व बीटा अशा दोन निराळ्या प्रथिनसाखळ्यांचा जोड असतो, त्यांपैकी एकटी साखळी पेशीच्या पृष्ठभागावर धडपणे येऊच शकत नाही, आणि जोड जुळल्यावर मात्र दोघींची डोकी मिळून बाहेरचा आधार पकडतात व दोघींची शेपटे पेशीच्या आत शिरून तेथील तंतूंच्या सांगाड्याशी संबंध जोडतात. परंतु साम्य येथेच संपते. देवालयातील जोडी अभंग आहे. इंटेग्रिनच्या घराण्यात अल्फाचे अठरा आणि बीटाचे आठ प्रकार असून त्यांतून सस्तन प्राण्यांत चोवीस जोड्या बनतात, आणि बीटा-एक ही एकच साखळी बारा निरनिराळ्या अल्फांशी संबंध जोडते. कोणती पेशी कोणत्या वेळी कोणती जोडी पृष्ठावर आणते, यावर ती आधारजालातील लॅमिनिनला धरणार, फायब्रोनेक्टिनला धरणार की कोलॅजेनला, हे ठरते. आणि ती जागच्या जागी राहणार, सरकणार, विभागणार की मरणार, हेही पुष्कळ अंशी त्यावरूनच ठरते.

या ठिकाणी वाचकाने एक गोष्ट मनाशी पक्की करावी, कारण पुढील सर्व प्रकरणांचा भार तिच्यावर आहे. इंटेग्रिन ही केवळ चिकटवणारी वस्तू नव्हे. ते पेशीचे ज्ञानेंद्रिय आहे. विश्रांत अवस्थेत हा रेणू वाकलेला असतो आणि त्याची पकड क्षीण असते. पेशीच्या आतून हुकूम सुटला, म्हणजे टॅलिन व किंडलिन ही प्रथिने त्याच्या शेपटाला येऊन भिडली, की तो ताठ उभा राहतो आणि त्याची पकड घट्ट होते. उलट बाहेरच्या आधारावर पकड बसली, की त्या आधाराचा ताठपणा, त्याची जात आणि त्यावरील ताण यांची वर्दी त्याच वाटेने आत जाते व जनुकांच्या व्यवहारापर्यंत पोहोचते. आधारावरून सुटलेली बहुतेक पेशी, खाद्य भरपूर असतानाही, आपणहून मरते. पकड गेली म्हणजे आपण आपल्या ठिकाणी नाही, एवढाच अर्थ तिला कळतो, आणि शरीराच्या दृष्टीने ठिकाण सुटलेल्या पेशीने जगणे इष्ट नसते. जो अवयव जन्मापासून मरेपर्यंत दर श्वासाला ताणला जातो आणि सैल पडतो, त्याच्या घडणीत ताण ओळखणाऱ्या या रेणूंना केवढे महत्त्व असेल, हे आता निराळे सांगावयास नको.

वायुकोश कसे वाढतात, हे थोड्या तपशिलाने पाहणे भाग आहे. नवजात फुप्फुसातील पिशवीची भिंत जाड असते व तिच्यात केशवाहिन्यांचे दोन थर असतात. या भिंतीतून ठिकठिकाणी एक बारीक कंगोरा वर येतो. त्याच्या माथ्यावर आकुंचनक्षम तंतुपेशी इलॅस्टिन हे लवचीक प्रथिन साचवितात. कंगोरा पिशवीच्या पोकळीत पुढे सरकतो आणि एका पोकळीच्या दोन पोकळ्या होतात. नंतर दोन थरांच्या केशवाहिन्या मिळून एकच थर उरतो, काम संपलेल्या तंतुपेशींपैकी पुष्कळशा नाहीशा होतात, आणि भिंत पातळ होत होत वायूच्या देवघेवीला योग्य बनते. या प्रत्येक पायरीला कोणी कोणाला धरले पाहिजे आणि पुढच्या पायरीला कोणी कोणाला सोडले पाहिजे, याची व्यवस्था असते. वायुकोशाच्या आतील अस्तर दोन जातींच्या पेशींचे: पृष्ठभागाचा पंचाण्णव टक्के भाग व्यापणाऱ्या अतिशय पातळ पेशी, आणि फुप्फुस मिटू न देणारे फेनिल द्रव्य स्रवणाऱ्या घनाकार पेशी, दुसऱ्यांतूनच गरजेप्रमाणे पहिल्या निर्माण होतात, आणि दोघीही आपल्याखालील तलपटलाला मुख्यतः बीटा-एक घराण्याच्या इंटेग्रिनांनी धरून असतात.

ही पकड काढून घेतली तर काय होते, याचे उत्तर अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे, आणि या पुस्तकातील एक संपूर्ण प्रकरण मी त्याला दिले आहे. उंदराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे फुप्फुस पिशव्यांच्या अवस्थेत असते, म्हणजे मानवी गर्भाच्या सहाव्या-सातव्या महिन्याशी ताडता येईल अशा. त्यामुळे पिल्लाचे पहिले तीन आठवडे हे अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या पहिल्या वर्षाचे प्रतिरूप म्हणून अभ्यासता येतात. या अभ्यासकांनी फुप्फुसाच्या अस्तरपेशींतूनच तेवढे बीटा-एक इंटेग्रिन गर्भावस्थेत काढून टाकले. पिल्ले जन्मली ती दिसावयास धडधाकट होती. परंतु त्यांचे वजन वाढेना, आणि रक्तातील प्राणवायू खालावत जाऊन चार महिन्यांच्या आत ती मेली. श्वासमार्गाच्या फांद्या कमी फुटल्या होत्या, हे तर दिसलेच. पण फांद्या पुऱ्या झाल्यावर इंटेग्रिन काढले तरीही वायुकोशांच्या पडद्या नीट उभ्या राहिल्या नाहीत, भिंती जाड राहिल्या, आणि कोलॅजेन व इलॅस्टिन नको तेथे साचले. आणखी शोध घेता असे आढळले, की पकड गमावलेल्या अस्तरपेशी भक्षकपेशींना बोलावणारी रासायनिक वर्दी सतत सोडीत होत्या. फुप्फुसात जंतू नसताना भक्षकपेशींचा तळ पडला होता, आणि त्यांच्या दाहाने बांधणी मोडत होती. औषधाने त्या भक्षकपेशी नाहीशा केल्यावर पडद्यांची वाढ सुधारली. म्हणजे अस्तरपेशीने आपला आधार घट्ट धरलेला असणे हेच फुप्फुसातील शांततेचे कारण होते. जन्मसमयी निर्दोष दिसणाऱ्या जीवाचा दोष जन्मानंतरच्या बांधणीत उघडकीस यावा, आणि त्या दोषाचे प्रत्यक्ष शस्त्र दाह हे असावे, या दोन गोष्टी वाचकाने लक्षात ठेवाव्यात. पुढे मानवी अर्भकाकडे वळताना त्या दोन्ही उपयोगी पडणार आहेत.

पकड नसण्याप्रमाणे पकडीचा अतिरेकही घातक ठरतो. अल्फा-व्ही-बीटा-सहा हे इंटेग्रिन टीजीएफ-बीटा या सामर्थ्यवान संदेशक प्रथिनाला, जे आधारजालात बंदिस्त अवस्थेत ठेवलेले असते, ताण देऊन मोकळे करते, हे १९९९ साली सिद्ध झाले. आणि हे इंटेग्रिन नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत वय वाढेल तसतशा वायुकोशांच्या भिंती विरत जातात, हे २००३ साली. उलट ते अतिरिक्त कार्यरत झाले की फुप्फुस तंतुमय व ताठर होते. तंतुमय फुप्फुसाच्या रुग्णांत त्याला रोखणारे एक औषध तपासले गेले, पण सुरक्षिततेच्या शंकेने ती चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. जे प्रथिन विकासाला आवश्यक, तेच अयोग्य वेळी व अयोग्य प्रमाणात अनर्थकारी, हा जीवशास्त्रातील जुना न्याय येथेही लागू आहे.

माणसांत या ग्राहींचे महत्त्व निसर्गाने काही दुर्मिळ विकारांच्या रूपाने दाखविले आहे. अल्फा-तीन इंटेग्रिनचे जनुक दोन्ही बाजूंनी बिघडलेल्या तीन मुलांची हकीकत २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या मूत्रपिंडांतून प्रथिन गळत होते, त्वचा ठिसूळ होती, आणि फुप्फुसाच्या भिंती विकृत होत्या, कारण या तिन्ही अवयवांत हेच इंटेग्रिन लॅमिनिनला धरते. यापेक्षा आपल्या अधिक जवळची गोष्ट श्वेतपेशींच्या आसंजनाची आहे. बीटा-दोन इंटेग्रिन नसलेल्या बालकाच्या श्वेतपेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरू शकत नाहीत, म्हणून जंतू शिरलेल्या जागी पोहोचत नाहीत; अशा मुलाची नाळ आठवडेच्या आठवडे गळून पडत नाही, जखमेत पू होत नाही, आणि न्यूमोनिया वरचेवर होतो. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेतील डॉ. मनीषा मडकईकर आणि त्यांचे सहकारी यांनी अशा भारतीय बालकांची लक्षणे २०१२ साली 'इंडियन पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात नोंदविली. बाळंतिणीच्या खोलीत सासूबाई 'नाळ अजून पडली नाही' म्हणून जी काळजी करतात, ती क्वचित प्रसंगी किती अर्थपूर्ण असू शकते, हे त्यावरून उमजते.

याच मुंबईचे नाव पेशींच्या आसंजनाच्या इतिहासात आणखी एका वाटेने आले आहे. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी एक असा रक्तगट वर्णिला, की ज्यात ए आणि बी तर नाहीतच, पण ओ गटाच्या माणसांत असणारे एच हे मूळ द्रव्यही नाही. जगभर तो 'बॉम्बे' रक्तगट म्हणून ओळखला जातो. पुढे चाळीस वर्षांनी, १९९२ साली, इस्राएलमध्ये वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होणारी दोन मुले आढळली. त्यांच्या श्वेतपेशी वाहिनीच्या भिंतीवर गडगडत थांबू शकत नव्हत्या, आणि दोघांचाही रक्तगट बॉम्बे होता. कारण एकच: फ्यूकोज ही साखर त्यांच्या पेशींना रेणूंवर चढविता येत नव्हती, आणि एच द्रव्याला जशी ती लागते, तशीच वाहिनीच्या भिंतीवरील सिलेक्टिन या आसंजन-ग्राहींना ओळखू येणाऱ्या श्वेतपेशीवरील खुणेलाही लागते. बॉम्बे रक्तगटाच्या सामान्य माणसाने यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. त्याच्यात फक्त एच द्रव्य घडविणारे विकर नसते, साखरेचा बाकी सर्व व्यवहार सुरळीत असतो, आणि रक्त घेण्यादेण्याची सावधगिरी सोडली तर तो पूर्ण निरोगी असतो. परंतु रक्तपेढीत लागलेला एक शोध चाळीस वर्षांनी बालकांच्या न्यूमोनियाचा अर्थ लावावयास उपयोगी पडावा, यात विज्ञानाच्या कार्यपद्धतीचे एक मर्म आहे.

आता अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाकडे येऊ. वेळापूर, अकलूज, पंढरपूर या टापूत सातव्या महिन्यात बाळंत झालेल्या बाईच्या बाळाला 'पेटीत ठेवले' हे शब्द आता घरोघरी कानी पडतात, आणि असे बाळ हाती लागते याचे श्रेय गेल्या साठ-सत्तर वर्षांतील शास्त्राला आहे. १९५९ साली मेरी एलेन एव्हरी व जेरी मीड यांनी दाखविले, की अशा बाळांच्या फुप्फुसांत मिटू न देणारे द्रव्य नसते. १९६३ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा पुत्रदेखील, साडेचौतीस आठवड्यांचा जन्मलेला, याच कारणाने दोन दिवसांत गेला. १९७२ साली लिगिन्स व हॉवी यांनी प्रसूतीपूर्वी मातेला दिलेल्या स्टिरॉइडचा गुण सिद्ध केला. आणि १९८० साली जपानात फुजिवारा यांनी ते द्रव्य प्रत्यक्ष बाळांच्या श्वासमार्गात घालून त्यांना जगविले. परंतु जगलेल्यांपैकी काही बाळांची फुप्फुसे पुढेही अडखळत राहिली. १९६७ साली नॉर्थवे यांनी वर्णिलेल्या त्या विकारात प्रथम व्रण व चट्टे ठळक दिसत; आज अधिक लहान, अधिक अपुऱ्या बाळांत तो वेगळ्या रूपाने दिसतो, म्हणजे वायुकोश थोडे, मोठे आणि साधे राहतात; बांधणी जेथल्या तेथे थांबलेली असते. तिला थांबविणारी कारणे म्हणजे यंत्राने दिलेला अवाजवी ताण, गरजेपेक्षा अधिक प्राणवायू, आणि जंतुसंसर्गाचा दाह; आणि व्हँडरबिल्टच्या उंदरांत आपण जे पाहिले, त्याच्या प्रकाशात या तिन्हींना एका सूत्रात ओवता येते, कारण पेशीची आधारावरील पकड आणि तिची शांती यांवरच हे तिन्ही आघात करतात.

म्हणूनच शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी स्थापन केली, या घटनेला मी केवळ पोषणाच्या इतिहासात न ठेवता फुप्फुसाच्या इतिहासात स्थान दिले आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचे, आणि ते नसल्यास दुसऱ्या आईचे दूध मिळाले की जंतुसंसर्ग कमी होतो. आणि जन्मानंतर ज्या आठवड्यांत पडद्या उभ्या राहावयाच्या, त्या आठवड्यांतील दाह टळणे म्हणजे वायुकोश वाचणे होय. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी केलेले कामही याच पंक्तीत बसते. लेकराला 'डबा' झाला, पोट उडू लागले, म्हणजे गावात जे घडत असे, त्याऐवजी गावातल्याच शिकविलेल्या माणसांनी वाळूच्या घटिकेने व मण्यांनी श्वास मोजावेत, वयाला अनुसरून ठरविलेल्या मर्यादेपेक्षा ते अधिक भरले तर न्यूमोनिया समजून औषध द्यावे, ही पद्धत त्यांनी घालून दिली, आणि तिच्यामुळे बालमृत्यू घटतात हे १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये सप्रमाण मांडले. पुढे १९९९ साली त्याच नियतकालिकात, ३९ गावांत घरोघरच्या नवजात-सेवेने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी दाखवून दिले; आणि २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या द्वारे ही सेवा देशभरच्या सरकारी कार्यक्रमात समाविष्ट झाली. या गावकरी सेविकांनी इंटेग्रिनचे नावही ऐकले नसेल; पण वाढत्या फुप्फुसाला दाहापासून लवकर सोडविण्याचे जे कार्य प्रयोगशाळेने पुढे अर्थपूर्ण ठरविले, ते त्या आधीपासूनच करीत होत्या.

राहता राहिला हवेचा प्रश्न. ज्या अवयवाची बांधणी घरातील हवेत होते, त्याच्या बाबतीत घर हेही गर्भाशयासारखेच जबाबदार ठरते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये असे प्रतिपादिले, की दीर्घकालीन श्वासरोध हा केवळ तंबाखू ओढणाऱ्यांचा रोग नाही. चुलीचा धूर, कामावरील धूळ, बालपणीचे श्वसनरोग हीही त्याची मोठी कारणे आहेत. आमच्या उसाच्या पट्ट्यात गळिताच्या हंगामात फडांशेजारी कोप्या पडतात. त्यांच्या आत चूल पेटते, आणि काही आठवड्यांचे लेकरू त्याच धुरात झोळीत असते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ पाहणीने दाखविले, की या रोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांची फुप्फुसे उतारवयात झपाट्याने खालावलेली नसून चाळिशीपूर्वीच तोकडी होती. त्या निम्म्यांच्या रोगाची मुळे पोटात आणि पाळण्यात शोधावयास हवीत, हे त्यावरून ओघानेच येते.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात आसंजनाच्या शोधाचा इतिहास व इंटेग्रिन, कॅडेरिन, सिलेक्टिन या तीन घराण्यांचा परिचय. दुसऱ्यात फुप्फुसाची जन्मापूर्वीची व जन्मानंतरची घडण. तिसऱ्यात पकड बिघडल्याने होणारे विकार. आणि चौथ्यात अपुऱ्या दिवसांचे मूल, त्याचे दूध, त्याचा प्राणवायू आणि त्याच्या घराची हवा. उंदरावरून माणसाकडे जेथे उडी घ्यावी लागली, तेथे ती तशी असल्याचे प्रत्येक वेळी स्पष्ट लिहिले आहे. कारण बीटा-एक इंटेग्रिन वाढवून अर्भकाचे फुप्फुस सुधारता येईल असे कोणतेही औषध आज उपलब्ध नाही, आणि या विषयावरील पुस्तकाने तशी आशा विकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. रसायनशास्त्राची ज्यांना धास्ती वाटते त्यांनी पहिला भाग मागाहून वाचावा; परिचारिकांनी आणि आशाताईंनी चौथ्यापासून आरंभ केला तरी त्यांना काही कमी पडणार नाही.

शेवटी एक मागणी. धाप लागते म्हणून चाळिशीचा रुग्ण दवाखान्यात येतो, तेव्हा आपण त्याला विडी ओढता का, गिरणीत काम केले का, घरी चूल आहे का, असे विचारतो, आणि ते योग्यच आहे. पण आपण किती दिवसांचे जन्मलात, पहिल्या वर्षी पेटीत होतात का, लहानपणी डबा झाला होता का, हे प्रश्न जवळजवळ कोणी विचारीत नाही, आणि विचारले तरी उत्तराला कागद नसतो. मातेच्या व बालकाच्या आरोग्यपत्रिकेवर गर्भाचे आठवडे, दिलेला प्राणवायू आणि पहिल्या दोन वर्षांतील न्यूमोनिया यांची नोंद व्हावी, ती पत्रिका लसी संपल्यावर फेकून न देता जन्मदाखल्याबरोबर जपली जावी, आणि प्रौढांच्या डॉक्टरने ती मागून घ्यावी, एवढा एक रिवाज जरी या पुस्तकाच्या वाचनाने दोन-चार दवाखान्यांत पडला, तरी लेखनाचे श्रम कारणी लागले असे मी समजेन.

वेळापूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर